तळाचे बूच

गुरुवारी सकाळी मी आमच्या जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये चौदाशे मिलिलिटर तेल भरले. रविवारी सकाळी ते तळातून काढले, तेव्हा एकोणीसशे दहा मिलिलिटर निघाले.

मी तीनदा मोजले. मोजपात्र काचेचे, पाचशे मिलिलिटरचे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत तोंडाला चीर गेली म्हणून बाद ठरवलेले आणि निवृत्तीच्या दिवशी मी रीतसर परवानगी घेऊन घरी आणलेले. चीर वरच्या काठाला आहे, रेघांना तिचा उपद्रव नाही. अंगणातल्या फरशीवर मोजपात्र ठेवून, गुडघे टेकून, डोळे तेलाच्या पातळीला आणून वाचन घ्यायचे, हे मी छत्तीस वर्षे केले आहे. पाचशे, पाचशे, पाचशे, चारशे दहा. एप्रिलचे ऊन आठ वाजताच फरशीवर उतरले होते आणि गुडघ्याखालची फरशी तापू लागली होती. मी तिसऱ्यांदा उठलो तेव्हा पॅन्टवर गुडघ्याशी दोन गोल डाग पडले होते. तेल मधासारखे, किंचित काळपट, गंधकाच्या वासाचे होते आणि त्यात काहीही वावगे नव्हते. ते फक्त जास्त होते.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसाला धरून, लहान कलिंगडाएवढा लोखंडी गोळा असतो. त्यात दातेरी चक्रे तेलात बुडून फिरतात. आमच्या जीपच्या त्या गोळ्याला तेल भरण्याचे भोक आहे, काढण्याचे नाही. तेल बदलायचे तर मागचे झाकण दहा बोल्ट काढून उघडावे लागते, नाहीतर भरायच्या भोकातून नळी घालून जेवढे ओढता येईल तेवढे ओढायचे आणि तळाचे तसेच सोडायचे. हे तळाचे तसेच सोडणे मला वर्षानुवर्षे खटकत आले. कोराडीला आम्ही ट्रान्सफॉर्मरचे तेल तपासत असू. त्याचा नमुना नेहमी तळाच्या झडपेतून घेतात, कारण पाणी, गाळ, झिजलेल्या धातूची धूळ, जे जे बिघडलेले असते ते खाली बसते. वरून घेतलेला नमुना जवळजवळ नेहमीच निर्दोष असतो. म्हणून या उन्हाळ्यात मी झाकण उघडले, त्याच्या सर्वांत खालच्या जागी हातड्रिलने भोक पाडले आणि समोरच्या बाबारावांकडून त्यावर नट वेल्ड करून घेतला. बाबाराव वीजकेंद्राच्या वाहनशाळेतले निवृत्त मिस्त्री. पंचवीस वर्षे वसाहतीतून कामावर जायची त्यांची आणि माझी बस एकच होती. नटात बसणाऱ्या बुचाला आतून लोहचुंबक लावले. धातूचा एखादा कीस आत राहून चक्रांच्या दातांत सापडेल या भीतीने मी झाकण दोनदा डिझेलने धुतले, गोळा आतून पुसून घेतला, नवे तेल भरले, शुक्रवारी पारशिवनीपर्यंत जाऊन आलो, आणि शंभर किलोमीटर पुरे झाल्यावर तेच तेल पुन्हा काढायचे ठरवले. ते आज काढले. चुंबकावर नखाएवढा करडा लेप होता, तोही मऊ. ज्याची भीती होती ते तिथे नव्हते.

मी क्रमाने गेलो. उष्णतेने तेल प्रसरण पावते, पण गुरुवारच्या आणि आजच्या तापमानात फार तर दहा अंशांचा फरक. त्याने दहा मिलिलिटर वाढतील. आत पाणी शिरले असेल, तर तेल दुधाळ दिसले असते. तरीही खात्री म्हणून एका पत्र्याच्या झाकणावर थेंब टाकून ते गॅसवर तापवले. पाणी असेल तर तडतडते. तडतडले नाही. "तेलाले फोडणी देऊन राहिले का जी आता?" प्रेमिला मागून म्हणाली. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, माझ्या प्रयोगांना ती हसते, अडवत नाही. जुने तेल आत राहिले असेल, हेही शक्य नव्हते, कारण गोळा मी स्वतः कोरडा केला होता. मग मी शिडीखाली ठेवलेल्या बाटल्या काढल्या. तेलाच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. चौदाशे वापरले, तर दुसरीत सहाशे उरायला हवेत. दुसरी बाटली उचलली आणि हाताला ते आधीच कळले. मोजले, साठ मिलिलिटर. निघालेले एकोणीसशे दहा, उरलेले साठ आणि गोळ्याच्या आतल्या भिंतींना चिकटून राहणारे तीसेक, असे दोन हजार झाले. तेल बाहेरून आले नव्हते, कुठे गेलेही नव्हते. हिशेब पूर्ण जुळत होता, आणि तो जुळला याचेच मला वाईट वाटले. कारण न जुळणाऱ्या हिशेबात मोजणी चुकल्याची शक्यता असते. जुळणाऱ्या हिशेबात फक्त एक प्रश्न उरतो, बाटली कोणाच्या हाताने रिकामी झाली, आणि गुरुवारी गाडीखाली माझ्याशिवाय कोणी नव्हते.

नोंदवहीत गुरुवारच्या तारखेपुढे तीन उभ्या रेघा आहेत. मोजपात्र भरले की एक रेघ, अशी माझी पद्धत. पाचशे, पाचशे, चारशे. चौथी रेघ नाही. पण ओतणे आणि रेघ ओढणे या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत, आणि पहिली करून दुसरी विसरता येते. मी डोळे मिटून ती सकाळ पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. गाडीची मागची बाजू दोन लोखंडी घोड्यांवर टेकवून उचललेली. पाठीखाली पोते. तेल भरायच्या पिचकारीचा दट्ट्या शेवटी शेवटी कडक होतो, अंगठा दुखतो. तिसऱ्यांदा दुखला, हे आठवते. चौथ्यांदा दुखला का? आठवत नाही. पण आठवत नाही याचा अर्थ तसे झाले नाही असा होतो, की झाले आणि राहिले नाही असा, हे आतून सांगण्याची कोणतीही रीत नाही. स्वतःच्या स्मृतीची तपासणी स्वतःच्या स्मृतीने करणे म्हणजे वाकड्या पट्टीने तिचीच लांबी मोजणे. उत्तर नेहमी बरोबर येते.

आईचे मिठापासून सुरू झाले. कोराडीच्या वसाहतीत आम्ही होतो तेव्हाची गोष्ट. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची इतकी बारीक भुकटी बसायची की झटकल्यावरच दिसायची. आई, सगळी वसाहत तिला सिंधूताई म्हणायची, सत्तरीची होती. एके दिवशी वरण खारट झाले. कोणाच्याही हातून होते. आठवड्याने पुन्हा झाले. "मी एकदाच टाकलं," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खोटे बोलणाऱ्याचा भाव नव्हता. तिच्यापुरते ते खरेच होते. १९५६ साली सोळाव्या वर्षी ती बापाबरोबर पारशिवनीकडून चालत नागपूरला दीक्षेला आली होती. वाटेत कुठे भाकरी खाल्ल्या, पांढऱ्या लुगड्याच्या काठाला चिखल कुठे लागला, पुढे चालणाऱ्या बाईच्या कडेवरच्या मुलाच्या पायात एकच वाळा होता, हे ती शेवटच्या वर्षापर्यंत बिनचूक सांगे. दहा मिनिटांपूर्वीचे मीठ तेवढे राहत नसे. त्याच सुमारास मी प्रयोगशाळेत दुहेरी तपासणीची पद्धत सुरू केली होती. एकाने काढलेले वाचन दुसऱ्याने पुन्हा काढायचे, आणि पहिल्याला ते कळू द्यायचे नाही. कळले की माणूस सावध होतो, सावध माणसाचा हात नेहमीचा राहत नाही, आणि शिवाय त्याचा अपमान होतो. घरीही मी प्रेमिलाला तेच सांगितले. आईला काही बोलू नको. फक्त तिच्या मागून तपासत जा. प्रेमिला आई वळली की पातेल्यात चमचा घाली, चव घेई. खारट असले तर पाणी, बटाट्याची फोड, आणि आईचे वरण आईचेच म्हणून ताटात येई. चार वर्षे आईला कळले नाही. मला ती पद्धत तेव्हा फार माणुसकीची वाटली होती.

म्हणून अंगणात मोजपात्रासमोर बसलेलो असताना मला तेलाची काळजी नव्हती. तेल जास्त झाले तर फेसाळते, फार तर सीलमधून झिरपते. मी चौथे मोजपात्र ओतले असेल आणि ते मला ठाऊक नसेल, तर आईत जे सुरू झाले ते त्रेसष्टाव्या वर्षी माझ्यात सुरू झाले आहे, एवढा एकच प्रश्न माझ्यासमोर होता. शंभरातून सात वजा करत गेलो: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, दोनपर्यंत न अडखळता. मूलद्रव्ये पहिल्यापासून छत्तीसाव्यापर्यंत म्हटली. त्याने काही सिद्ध होत नाही, हे म्हणतानाच माहीत होते. आईलाही पाढे येत होते. हे वरून घेतलेले नमुने होते.

"चहाचं पानी झालं तुमच्या," प्रेमिला दारातून म्हणाली. "काहून बसले जी असे उन्हात?"

"तेल जास्त निघालं."

ती आत वळता वळता थांबली. "किती?"

"अर्धा लिटर."

"होते कधी कधी," ती म्हणाली. "येऊन जा घरात. डोकं तापन." आणि गेली. मी तेथेच बसून राहिलो. छत्तीस वर्षांत तिने मला कोणत्याही गोष्टीबाबत 'किती' असे विचारलेले मला आठवत नव्हते. पण आता मला काय आठवते याला पुरावा म्हणून किती किंमत द्यायची, हाच प्रश्न होता. मी ती गोष्ट बाजूला ठेवली.

नोंदवही मागे चाळत गेलो. एक विसर असेल तर दुसराही असेल, आणि कागदावर कुठेतरी त्याची खूण असेल. वहीत चार रकाने आहेत: तारीख, काम, माप, कारण. गाडी बाहेर काढली की मीटर पाहून अंतर लिहायचे, पुढे कारण. फेब्रुवारी स्वच्छ होता. मार्चच्या अकरा तारखेला छत्तीस किलोमीटर लिहिले होते, माझ्याच अक्षरात, आकडे नेहमीसारखे उजवीकडे कललेले. कारणाचा रकाना रिकामा. छत्तीस किलोमीटर कुठे गेलो असेन? लक्ष्मीनगरला लेकीकडे, मेघाकडे गेलो तर जाऊन येऊन वीस होत नाहीत. घाईत राहिले असेल, असे मी स्वतःला म्हणालो आणि पान उलटले. कागदावर अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला आणि मी तो पुसायला गेलो तसा पसरत गेला.

घरातल्या कूलरच्या टाकीत पाणी पडत होते. तो आवाज मी बराच वेळ ऐकत राहिलो असेन. टाकी भरली की आवाज बदलतो, पोकळ असतो तो भरीव होतो, आणि आवाज बदलला त्या क्षणी मला एक साधी गोष्ट दिसली, जी तासाभरापूर्वी दिसायला हवी होती. बाटलीत सहाशेऐवजी साठ उरले. म्हणजे जास्तीचे गेले ते पाचशे चाळीस. माझे मोजपात्र पाचशेचे आहे. विसरून चौथ्यांदा भरले असते, तर पाचशे गेले असते. चाळीस कुठून आले? वाचनात इतकी चूक होत नाही. माझे हात विसरतील, पण ते पाचशेच्या रेघेवर थांबायला विसरणार नाहीत. पाचशे चाळीस हे माझ्या मोजपात्राने ओतलेले माप नव्हतेच. ते न मोजता ओतणाऱ्या माणसाचे माप होते. मला हायसे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही, कारण लगेच दुसरा प्रश्न आला: माझ्या गाडीखाली, मला न सांगता, दुसरा कोणी कशाला जाईल? गुरुवारी तेल भरून मी आंघोळीला गेलो तेवढा वेळ गाडी अंगणात एकटीच होती, आणि समोर बाबाराव होते.

बाबाराव त्यांच्या पोर्चमध्ये कूलरच्या जाळीत नवी खस भरत होते. ओल्या खसचा वास रस्त्यापर्यंत आला होता.

"या साहेब. निघालं का तेल? गळलं तं नाही कुठं?"

"नाही गळलं."

"गळन कसं? वेल्डिंग कोनाची हाय." त्यांनी खसची जुडी दाबून बसवली. "बसा. चहा मांडाले सांगतो."

"बाबाराव, गुरुवारी मी आंघोळीले गेलो तेव्हा तुम्ही गाडीखाली गेले होते का?"

त्यांचे हात जाळीवरच थांबले. "काहून जी?"

"तेल जास्त निघालं. पाचशे चाळीस."

"वरचे चाळीस बी मोजले का तुमी?" ते हसले, मग हसू आवरले. "गेलतो. भोकात बोट घातलं तं तेल लागेचना. अख्खं बोट आत गेलं, तरी कोरडंच. म्हटलं, साहेबाच्या हातून कमी पडलं. मंग तुमचीच बाटली होती तिथं, तिच्यातलं टाकलं, बोटाले लागेपरेंत. तुमचं काचेचं नळकांडं हाय तं माहं बोट हाय. चाळीस सालाचं हाय ते."

"गाडी घोड्यांवर होती. मागून उचललेली. आपल्या अंगणाचा उतार फाटकाकडे, गाडीचं तोंडही तिकडेच. तेल पुढे सरकतं. मागच्या भोकात बोट घातलं तर ते कमीच लागणार."

बाबारावांनी डोळे बारीक केले, उताराचा अंदाज घेतल्यासारखे रस्त्यापलीकडच्या माझ्या अंगणाकडे पाहिले. "हे बरोबर हाय," ते सावकाश म्हणाले. "मंग तुमचं चौदाशे बरोबर होतं. माहीच चुकी झाली."

"चुकीचं नाही विचारत मी. तुम्ही पाहायले गेले काहून?"

"असंच. शेजारधर्म."

"बाबाराव."

त्यांनी खस खाली ठेवली, हात लुंगीला पुसले. "वहिनीले विचारा साहेब."

"तुम्ही सांगा."

"मी मिस्त्री मानूस. नट कसाले सांगतला तं कसतो, ढिला कराले सांगतला तं करतो." मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वहिनीनं सांगतलं होतं, साहेबाचं काम झालं का मागून एक नजर टाकत जा. पन त्यायले समजू देऊ नका. गॅसचं बटन म्हना, पाण्याची मोटर म्हना. तुमचं सारं बरोबरच निघते जी. एकदा बी चुकलेलं नाही सापडलं. म्या तसं वहिनीले सांगतलं बी."

"कधीपासून?"

"या शिमग्यापासून."

रस्ता ओलांडून परत येताना मी पावले मोजली. सोळा. सकाळी जाताना किती होती ते मोजले नव्हते, म्हणून त्या आकड्याचा काही उपयोग नव्हता.

प्रेमिला स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून हिरव्या मिरच्यांचे देठ खुडत होती. मी आत आलो ते तिला कळले, पण तिने वळून पाहिले नाही. समोरच्या पोर्चमधले बोलणे खिडकीतून दिसते, ऐकू येत नाही. दिसले तेवढे तिला पुरले असावे.

"मार्चच्या अकरा तारखेला काय झालं होतं?" मी विचारले.

तारीख मला कशी कळली, हे तिने विचारले नाही. "ड्यूटीवर गेले होते तुम्ही."

"कुठं?"

"कोराडीले. सकाळी साडेसहाले. मले डबा मागितला. मले वाटलं गंमत करून राहिले, म्हणून मी बी हसत हसत भरून दिला." तिने एक मिरची दोनदा खुडली, देठ पहिल्यांदाच निघाला होता. "मंग गेटवरून बाबारावले फोन आला. गेटवरचा पहारेकरी ओळखीचा होता म्हणून त्यानं आत फोन नाही केला. बाबाराव बसनं गेले अन् तुमच्यासंगं गाडीत परत आले. रस्ताभर तुम्ही त्यायले टर्बाइनच्या तेलाचं सांगत होते. नमुना तळातून कसा घ्यायचा ते."

"गाडी मी चालवली?"

"हो. चांगली चालवली म्हणे. घरी आल्यावर वहीत लिहिलं, चहा घेतला, झोपले. उठले तं काहीच नाही. मी विचारलं, सकाळी कुठं गेलते जी. तुम्ही म्हटलं, कुठं जाईन?"

मी त्या सकाळचे काही सापडते का ते पाहिले. डबा, गेट, कोळशाचे ट्रक, फाटकाशी थांबलेला पहारेकरी. हे सारे मला आठवत होते, पण छत्तीस वर्षांच्या हजारो सकाळींतले. त्यातली एक वेगळी काढता येत नव्हती.

"तेव्हाच मले काहून नाही सांगितलं?"

आता तिने वळून पाहिले. रागाने नाही. "आईंच्या वेळेस तुम्हीच म्हटलं होतं ना. सांगू नको, मागून तपासत जा. सांगितलं तं मानसाचा अपमान होते." तिने देठ ओंजळीत गोळा केले. "मेघाले बी नाही सांगितलं मी. तुमच्या वरणात चमचा घालायची वेळ येऊ नये, एवढंच पाहत होती."

मी अंगणात आलो. बूच तळाला घट्ट होते, फडक्याने पुसले तर कोरडे. नोंदवही फरशीवर उघडीच पडली होती आणि तिची पाने उन्हाने वर वळली होती. रविवारच्या तारखेपुढे मी लिहिले. माप: एकोणीसशे दहा. भरलेले चौदाशे बरोबर होते. जास्तीचे तेल बाबारावांनी ओतले, कारण गाडी मागून उचललेली असताना पातळी बोटाने पाहिली. त्यांनी पातळी पाहिली, कारण प्रेमिलाने त्यांना माझे काम मागून तपासायला सांगितले होते. मग पाने मागे उलटली, अकरा मार्चची ओळ काढली, छत्तीस किलोमीटरपुढचा रकाना अजून रिकामा होता, आणि त्यात कारण लिहिले: कोराडी, ड्यूटी.